पारसिकची कापलेली बाजू

एम.एस्सी. भूविज्ञानाच्या पहिल्या सत्रात प्रत्येकाने आपापल्या घराच्या परिसराचा स्थलदर्शक नकाशा आणून अभ्यासावा, असे आम्हाला सांगण्यात आले, तेव्हा माझ्या वाट्याला एक नव्हे तर दोन नकाशे येणार हे लक्षात आले. भारतीय सर्वेक्षण विभागाची पत्रके अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत कापलेली असतात आणि ७३ अंश पूर्व रेखांश कळवा आणि मुंब्रा या दोन स्थानकांच्या मधून जातो. त्यामुळे आमची इमारत, खाडी आणि ठाणे शहर हे सगळे ४७ ए/१६ या पत्रकावर आहे, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा पारसिकचा डोंगर बराचसा शेजारच्या ४७ ई/४ वर गेलेला आहे. दोन्ही पत्रके चिकटपट्टीने जोडून मी ती दिवाणखान्याच्या भिंतीवर लावली. बाबांची सारी नोकरी कळवा कारशेडमध्ये गेली, त्यांनी चष्मा काढून, पुन्हा लावून तो जोड बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "म्हणजे आपण इतकी वर्षं अगदी काठावर राहतोय की!"

नातेवाइकांना मात्र मी भूगोल शिकते असेच अजूनही वाटते. भूविज्ञान म्हटले की पुढचा प्रश्न "म्हणजे शिक्षिका होणार का?" हा असतो आणि नाही म्हटले की "मग तेलाच्या कंपनीत?" हा असतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ साली स्थापन झालेली संस्था आहे आणि तिच्यात जाण्यासाठी संघ लोकसेवा आयोगाची स्वतंत्र परीक्षा असते, हे मी एका लग्नात तीन वेळा सांगितले; चौथ्या वेळी जिलेबी घेतली.

माझा प्रबंध या पारसिकच्या डोंगरावर आहे. विषय ऐकायला साधा वाटतो: येथील बेसाल्टचे थर कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी कललेले आहेत, ते मोजायचे. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. माथेरानला जाताना किंवा माळशेजच्या घाटात कड्यांकडे पाहिले तर हे थर वहीच्या रेघांसारखे आडवे दिसतात आणि सह्याद्रीला पायऱ्या पाडल्यासारखा आकार त्यामुळेच आला आहे. पण माथेरानवरून खाली उतरून पनवेल-कल्याणच्या पश्चिमेला आले की त्याच रेघा समुद्राकडे कलू लागतात. ही जणू सबंध प्रदेशाची पडलेली वळकटी आहे आणि भूवैज्ञानिक तिला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. भारताचा पश्चिम किनारा ताणला जाऊन सेशेल्सचा भूभाग त्याच्यापासून सुटा झाला, त्या घडामोडींशी या कलाचा संबंध जोडला जातो. मुंबईकडे जाणारी लोकल कळव्याचा पूल ओलांडते, तेव्हा आपण कललेल्या थरांच्या पाठीवरून उताराच्याच दिशेने चाललेले असतो, हे मला दुसऱ्या सत्रात समजले, आणि त्यानंतर कित्येक दिवस मी डब्यात उगाचच एका बाजूला रेलून उभी राहत असे.

अडचण अशी की कल मोजायचा तर खडक दिसला पाहिजे. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत खडकाचा उघडा भाग, ज्याला आम्ही सगळे आउटक्रॉपच म्हणतो, हा डोंगरावर आपोआप आढळणारा असतो. ठाण्यात तसे नाही. चार महिने डोंगर गवताने झाकलेला असतो, पायथ्याशी घरांवर घरे चढलेली आहेत, वरच्या अंगाला मुरूम इतका जाड आहे की हॅमर मारला तर तो दगडावर न आदळता मातीत रुततो. स्वच्छ, ताजा, कोनांनिशी खडक जर कोठे दिसत असेल तर तो जेथे माणसाने डोंगर कापला आहे तेथेच: तुर्भे-पावणे बाजूच्या दगडखाणी, मुंब्रा बायपासचे काप, रेल्वेसाठी फोडलेली अंगे, इमारतींच्या मागे उभे केलेले कडे. १९१६ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा पारसिकचा बोगदा तर माझ्या प्रबंधाच्या विषयाच्या बरोबर पोटातून जातो. लहानपणी जलद लोकल त्यातून जायची आणि कानांत दडा बसायचा. त्या अंधारात दोन्ही हातांच्या अंतरावर जे होते तेच आज मला पाहायचे आहे आणि पाहता येत नाही.

यामुळे आमची एक चमत्कारिक सवय झाली आहे. कोठे पोकलेन दिसले की आम्ही थांबतो. शेजारचे लोक डोंगर पोखरला म्हणून हळहळतात, आणि मीही हळहळते, परंतु त्याच वेळी माझा एक डोळा त्या कापाच्या तळाशी तांबडा पट्टा दिसतो का हे शोधत असतो. बेलापूरला राहणारी माझी वर्गमैत्रीण याबाबतीत माझ्याहून प्रामाणिक आहे. उलव्याची सुमारे नव्वद मीटरची टेकडी विमानतळासाठी सपाट झाली, तेव्हा ती शाळेत होती आणि तिला तिचे काहीच वाटले नव्हते. आता विमानतळाचे उद्घाटनही ८ ऑक्टोबर २०२५ रोजी होऊन गेले, आणि ती जुन्या पत्रकावरच्या त्या टेकडीच्या समोच्च रेषांवरून बोट फिरवत म्हणते, "कापत होते तेव्हा मला कोणी सांगितलं असतं, तर मी रोज जाऊन बसले असते." टेकडी वाचवायला नव्हे, पाहायला. हे ती मुद्दाम स्पष्ट करते.

तांबड्या पट्ट्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझे गेले वर्ष त्याच्या मागे गेले. बेसाल्टमध्ये वाळूच्या खडकासारखे सरळ थर नसतात. एकच प्रवाह जाडीने कित्येक मीटर असू शकतो आणि त्यातल्या भेगा, ज्यांना आम्ही सांधे म्हणतो आणि ज्या नवख्या माणसाला थर वाटतात, त्या लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे पडलेल्या असतात. त्यांचा कल मोजला तर आकडा मिळतो, पण तो भलत्याच गोष्टीचा असतो. पहिल्या दोन फिल्डमध्ये मी नेमके हेच करून वही भरली होती. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ती वही शांतपणे वाचली, शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि "हे सगळं सांध्यांचं मोजमाप आहे," एवढे एकच वाक्य बोलून परत दिली. दोन प्रवाहांच्या मधली खरी सीमा हवी असेल तर तांबडा पट्टा, म्हणजे रेड बोल, शोधावा लागतो. एक प्रवाह येऊन थंड झाला, त्याचा वरचा भाग हवापाण्याने झिजून माती झाली, आणि मग पुढचा प्रवाह त्या मातीवरून वाहत गेला. त्या मधल्या विश्रांतीची ही खूण असते. तुर्भ्याच्या बाजूच्या एका बंद पडलेल्या खाणीत मला तो पहिल्यांदा नीट दिसला. हातभर जाडीचा, विटेच्या रंगाचा, वरच्या अंगाला भाजल्यासारखा कडक, खालच्या अंगाला बोटाने उकरता येईल असा. त्याच्या खाली प्रवाहाचा फेसाळ माथा होता, ज्यातली वायूची भोके झिओलाइट आणि कॅल्साइट या खनिजांनी भरलेली होती.

त्या खाणीत पूर्वी काम केलेले एक आजोबा अजून तेथेच राखणदारी करतात. मी भिंगाने स्टिल्बाइट या झिओलाइटचे स्फटिक पाहत असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "त्या गारेच्या दगडाची खडी कोणी घेत नाही. खालचा काळा घ्या, तो वाजतो." त्यांनी दोन्ही दगडांवर हॅमरने एकेक ठोका मारून दाखवला. खालचा खणखणीत वाजला, वरचा बद्द वाजला. घनदाट बेसाल्ट आणि भोकाळ बेसाल्ट यांतला फरक आम्हाला दीड तासाच्या व्याख्यानात समजावला होता, तो असा दोन ठोक्यांत आला. घरी हे सांगितले तर आजीला त्याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. पाटा घेताना तीही दगड वाजवून घेत असे, आणि गारेचा दगड पाट्याला चालत नाही, चटणीत कचकच येते, हे तिचे मत आहे. दारावर टाकी लावायला येणाऱ्या बायका आता दिसत नाहीत, परंतु आमच्या पाट्यावरच्या टाक्या अजून पुसल्या गेलेल्या नाहीत आणि तो पाटा मी मध्यंतरी भिंगाखाली पाहिला: बारीक कणांचा, एकही भोक नसलेला, प्रवाहाच्या मधल्या भागातला दगड. आजीची निवड बरोबर होती.

आता ब्रंटनची कथा. ब्रंटन म्हणजे होकायंत्र आणि कोनमापक एकत्र असलेले, फिल्डमध्ये गळ्यात किंवा कमरेला अडकवण्याचे उपकरण, आणि विभागात ते मोजकेच असल्यामुळे घरी नेताना वहीत सही करावी लागते. पारसिकच्या उतारावर एका ठिकाणी माझी दिशा दहा पावलांत वीस अंशांनी बदलू लागली. आधी वाटले हात थरथरतो आहे. मग वर पाहिले तर डोक्यावर उच्चदाबाच्या तारांचा मनोरा होता, बाजूला लोखंडी कठडा होता आणि पायाखालच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतेच. शहराच्या लोखंडाने सुई फसते ही तक्रार काही माझी पहिली नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्या नोंदी बिघडतील म्हणून हे काम अलिबागला हलवण्यात आले आणि तेथील वेधशाळा १९०४ पासून काम करते आहे. ती चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज आमच्याच बाजूला नवीन पनवेलला आहे. एका ट्रामपायी वेधशाळा खाडीपार गेली, तर २५ हजार व्होल्टच्या रेल्वेतारांखाली माझे ब्रंटन कसे टिकणार? त्या दिवसानंतर मी प्रत्येक नोंदीपुढे जवळच्या लोखंडाचे अंतर लिहू लागले आणि शंका आली की दूरच्या इमारतींवर नेम धरून नकाशावरून दिशा काढू लागले. यात वेळ दुप्पट जातो.

प्रयोगशाळेतील दिवस याच्या मानाने शांत असतात. दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची, कार्बोरंडमच्या भरड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत क्रमाने घासत ती ०.०३ मिलिमीटर जाडीची करायची, म्हणजे तिच्यातून प्रकाश आरपार जातो. जाडी मोजायला मोजपट्टी नाही. सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक पिवळट दिसत असतील तर अजून घासायचे, राखाडी-पांढरे दिसू लागले की थांबायचे. थांबण्याच्या क्षणानंतर अर्धा मिनिट अधिक घासले की काचेवर काहीच उरत नाही. माझ्या पहिल्या सात थिन सेक्शनपैकी चार अशी नळाखाली वाहून गेली.

शैक्षणिक सहलीला कच्छला गेलो होतो, त्याबद्दल सगळे विचारतात, पण मला सांगण्यासारखी एकच गोष्ट आठवते. जुमाराच्या परिसरात धोसा ऊलाइट नावाच्या थरात अमोनाइटचे जीवाश्म मिळतात आणि ठाणे-डोंबिवलीची आम्ही मुले, ज्यांनी जन्मात बेसाल्टखेरीज दुसरा खडक पायाखाली पाहिला नव्हता, त्या पिवळसर खडकात दिसणारा शंखासारखा गोल पाहून गप्प झालो. नाश्त्याच्या वेळी मात्र धोसा या नावावरून जे विनोद झाले ते लिहिण्यासारखे नाहीत.

फिल्डहून परतताना ठाणे स्थानकावर एकदा रेल्वे पोलिसांनी माझी पिशवी उघडायला लावली. दगड, छिन्नी, हॅमर येथपर्यंत त्यांना फारसे काही वाटले नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरबाटली निघाली तेव्हा चेहरे बदलले, आणि तसे ते बदललेच पाहिजेत, कारण महिलांच्या डब्यात आम्लाची बाटली घेऊन जाणाऱ्या व्यक्तीकडे कोणी कौतुकाने पाहावे अशी अपेक्षा करता येत नाही. विभागाचे पत्र, ओळखपत्र, मॅडमना फोन, असा पाऊण तास गेला. तेव्हापासून मी आम्ल नेत नाही. दगड घरी आणून बाल्कनीत त्यावर थेंब टाकते आणि फसफसले की कॅल्साइट म्हणून नोंद करते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका सल्लागार कंपनीत दोन महिने काढले. ठाणे आणि नवी मुंबईत जमिनीखाली जितके काम सध्या चालू आहे तितके बहुधा पूर्वी कधीच नव्हते: बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत, त्यातला सात किलोमीटरचा भाग ठाणे खाडीच्या खालून; ठाणे-बोरिवली जोडबोगदा राष्ट्रीय उद्यानाच्या खालून; आणि जेथे बोगदा नाही तेथे उंच इमारतींचे पाये. प्रत्येक कामाआधी जमिनीत भोके पाडून खडकाचे दंडगोल, म्हणजे कोअर, वर काढतात आणि पेट्यांत ओळीने रचतात. माझ्या वाट्याला एका गृहप्रकल्पाच्या पेट्या होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, त्या पेट्यांवर वाकून प्रत्येक दीड मीटरच्या टप्प्यात दहा सेंटिमीटरपेक्षा लांब असलेल्या तुकड्यांची बेरीज करायची आणि तिची एकूण लांबीशी टक्केवारी काढायची. हा आरक्यूडी, म्हणजे रॉक क्वालिटी डेझिग्नेशन. खडक किती अखंड आहे हे त्यावरून ठरते आणि पायाचा खर्चही बराचसा त्यावरून ठरतो.

गंमत, किंवा गोची, अशी की कोअर दोन कारणांनी तुटतो. जमिनीतच भेग असेल तर तेथे तुटतो आणि काढताना यंत्राच्या धक्क्यानेही तुटतो. दुसऱ्या प्रकारचे तुटणे मोजायचे नसते. ते दोन तुकडे एकच मानायचे. मग प्रत्येक तुटीपाशी थांबून ठरवावे लागते की ही कोणाची. तुटलेल्या पृष्ठभागावर गंजाचा डाग असेल, हिरवट लेप असेल, झिओलाइटचा पातळ पापुद्रा असेल, तर ती भेग जमिनीतली. पृष्ठभाग ताजा, खरखरीत आणि दोन्ही बाजू एकमेकांत चपखल बसणाऱ्या असतील तर ती यंत्राची. एका पेटीतील आकडा बेचाळीस आला. प्रकल्पावरचे अभियंता येऊन पेटीकडे पाहत राहिले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "यातल्या दोन-तीन फटी ड्रिलिंगच्या नाहीत का वाटत तुम्हाला?" त्या दोन-तीन फटी ड्रिलिंगच्या धरल्या असत्या तर आकडा साठाच्या वर गेला असता. मी त्यांना हिरवा लेप दाखवला. ते म्हणाले, "बघा, तुम्ही शिकताय अजून." मी आकडा बेचाळीसच लिहिला, खाली छायाचित्र जोडले, अंतिम अहवालात काय छापले गेले ते मला दाखवण्यात आले नाही, आणि कबूल केलेले विद्यावेतनही सप्टेंबरपर्यंत आले नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कोणत्याही परीक्षेने मला इतके तंतोतंत पाहायला लावले नसेल, हेही येथे नोंदवते.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा डोंगरावर गेले, तेव्हा माझे चौदा क्रमांकाचे ठिकाण नाहीसे झाले होते. तांबड्या पट्ट्याचा तो माझा दुसरा उत्तम काप होता. त्यावरून मला दहा अंशांच्या आसपास पश्चिमेकडचा कल मिळाला होता आणि मॅडमनी तो पुन्हा एकदा मोजून आणायला सांगितले होते. आता तेथे जाळी ठोकून वर सिमेंट फवारलेले होते, पाणी निघावे म्हणून नळ्यांची तोंडे ठेवलेली होती. क्षणभर मला खरोखर राग आला. मग खाली पाहिले. त्या कड्याच्या पायथ्याशी पंचवीस-तीस घरे आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत होते, एक मुलगा पत्र्यावर पडलेला चेंडू काठीने काढत होता. इर्शाळवाडीची दरड जुलै २०२३ मधली आहे, फार जुनी नाही, आणि येथून फार दूरही नाही. हे सिमेंट तेथे असलेच पाहिजे, किंबहुना ते आधीच असायला हवे होते. वहीत मी लिहिले: "स्थान १४, संरक्षक आवरणाखाली, पुनर्मोजणी शक्य नाही." मग पट्टा आवरणाच्या बाहेर कोठे निघतो का हे पाहत दुपारपर्यंत कडेकडेने फिरले. तो निघत नव्हता.

प्रबंध द्यायला आता दोन महिने आहेत आणि माझ्या नकाशावर विश्वासाने काढता येतील असे कलाचे बाण नऊ आहेत. मॅडमच्या मते किमान बारा हवेत. परवा रात्री बेलापूरच्या मैत्रिणीचा संदेश आला: डोंगराच्या ऐरोलीकडच्या अंगाला रस्त्यासाठी नवीन काप सुरू झाला आहे, बसमधून जाताना तिला तांबडे काहीतरी दिसले, पण ते मुरूम असू शकेल. मी मॅडमना फोन केला. परवानगीचे पत्र त्या उद्याच देणार आहेत, आणि ठेकेदाराच्या माणसाने मैत्रिणीला सांगितले आहे की जाळी सोमवारी यायची आहे. आज शुक्रवार. ब्रंटनसाठी वहीत सही करून झाली आहे.